आजोबांकडे काम घेऊन माणसे पाठव

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. आजोबांचा हात थरथरतो, चहा बशीत सांडतो, चारचौघांत त्यांना ओशाळल्यासारखे होते, म्हणून येणाऱ्यांना ‘त्यांना विश्रांती हवी आहे’ असे सांगून परत पाठवावे का, असे तू विचारतेस. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, माणसाला दगदग सोसत नाही, हे तुझे म्हणणे बरोबर आहे. तरीही माणसे तोडू नकोस. आणि नुसते दार उघडे ठेवून भागेल, असेही समजू नकोस. आजारी माणसाकडे लोकांनी काम घेऊन यावे, हा माझा जुना हट्ट आहे आणि तो मी आज तुझ्यावरही लादणार आहे.

आपल्या पुण्यात आजाऱ्याला भेटण्याची एक रीत आहे. शहाळे घेऊन यायचे, ‘आता कसे वाटते?’ हे रुग्णाऐवजी त्याच्या सुनेला विचारायचे, आपल्या मेव्हण्यालाही हेच झाले होते आणि पुढे त्याचे काय झाले, ते साग्रसंगीत सांगायचे आणि चहा घेऊन उठायचे. अशा भेटीने धडधाकट माणूसही थकेल. त्यावरून आजोबांना माणसेच नकोत, हा निष्कर्ष तू कसा काढलास?

तुला आकडे लागतात, म्हणून सांगते. 2010 मध्ये 148 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती होती आणि ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे 50 टक्क्यांनी अधिक आढळली. मला मात्र 2003 चा एक लहान अभ्यास अधिक मोलाचा वाटतो. अमेरिकेतल्या 423 वृद्ध जोडप्यांची 5 वर्षे नोंद ठेवली, तेव्हा इतरांना मदत करणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. नुसती मदत मिळण्याचा तसा लाभ दिसला नाही. अशा अभ्यासांनी कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मला कळते. पण माझ्या हट्टाला तेवढा आधार पुरतो.

आमच्या ह्यांना अर्धांगवायू झाला, तेव्हा मी गल्लीतल्या महिला मंडळाची हिशेबाची वही घरी मागवू लागले. उजवा हात गेलेला होता, बोलणे अडखळत होते. पण चुकलेल्या बेरजेखाली डाव्या हाताने पेन्सिलीची वाकडी रेघ ते बरोबर मारत. नातेवाइकांनी मला बोल लावला, की बाई आजारी नवऱ्यालाही राबवते. लावोत. वही यायच्या दिवशी दाढी करून देण्यासाठी ते स्वतःहून हाक मारत. एरवी त्यासाठी मला त्यांची मनधरणी करावी लागे. ते त्यामुळे अधिक जगले, असा दावा मी करत नाही. पण मला दोष देणाऱ्यांपैकी एकानेही त्यांना कधी काही काम विचारले नव्हते, एवढे मात्र नक्की.

आता आजोबांविषयी. कंपवातात चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, आवाज खोल जातो आणि उत्तर उशिरा येते. समोरच्याला वाटते, यांना गोडी नाही किंवा समजलेच नाही, आणि तो घरातल्यांशी बोलू लागतो. येणाऱ्याला हे आधीच सांग. त्याने आजोबांच्या समोर बसावे आणि उत्तराची वाट पाहावी. मध्ये तू उत्तर देऊ नकोस, तुला ती खोड शाळेपासून आहे. गोळी लागू पडलेली असते ती वेळ निवड, एका वेळी दोघांपेक्षा अधिक माणसे नकोत आणि कप अर्धाच भर, म्हणजे चहाचा प्रश्न मिटला. शहरात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तेथेही त्यांना घेऊन जा. तेथे थरथरणाऱ्या हाताकडे कोणी वळून पाहत नाही.

आजोबांनी महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात हयात घालवली आणि तुमच्या सोसायटीत वरच्या मजल्यांना पाणी चढत नाही, म्हणून दर सभेत भांडणे होतात, असे तूच लिहितेस. मग सेक्रेटरी त्यांना शहाळे का देऊन जातात? त्यांना नळजोडणीचा नकाशा घेऊन रविवारी बोलाव. सकाळची गोळी साडेनऊला असते ना, तर साडेदहाची वेळ दे, आणि ते आल्यावर तू तासभर भाजी आणायला जा.

तुझ्या शाळेतल्या बाई