रिन्यूएबल एनर्जी : अक्षय, अपारंपरिक की नूतनीकरणक्षम?

प्रश्न असा आहे : युरोपीय संघाच्या हवामान आणि ऊर्जा धोरणाविषयी मराठीत लिहिताना ‘रिन्यूएबल एनर्जी’ला काय म्हणावं? अक्षय, अपारंपरिक, नवीकरणीय, हरित, स्वच्छ हे सगळे शब्द छापून येतात. ते एकमेकांच्या जागी चालतील का?

माझ्या मते चालणार नाहीत. युरोपविषयी लिहिताना तर मुळीच नाहीत, कारण या एका शब्दाखाली काय काय बसवलं आहे यावरच तिथे वर्षानुवर्षं भांडण चालू आहे.

युरोपीय संघाच्या २००९ च्या कायद्यात या ऊर्जेची व्याख्या यादीच्या रूपात दिली आहे. ऊन, वारा, भूगर्भातली उष्णता, समुद्र, वाहतं पाणी हे त्यात आहेच. पण त्याच यादीत बायोमास आहे, म्हणजे लाकूड, शेतातला काडीकचरा वगैरे. कचराभूमीतून आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून निघणारा वायूसुद्धा आहे. बातमीसोबत चित्र पवनचक्कीचं छापतात, पण संघातल्या या ऊर्जेचा निम्म्याहून अधिक वाटा बायोमास आणि जैवइंधनांचा आहे आणि त्यात सर्वांत मोठा भाग लाकडाचा.

आता ‘अक्षय’ हा शब्द घ्या. शब्द सुंदर आहे, मलाही प्रिय आहे. ज्याचा क्षय होत नाही ते अक्षय. वनवासात युधिष्ठिराला अक्षयपात्र दिलं तेही सूर्यानेच, त्यामुळे सौरऊर्जेला हे विशेषण शोभतं. वाऱ्यालाही शोभतं. एस्टोनियातलं इंधनासाठी तोडलेलं जंगल मात्र अक्षय नाही. ते पुन्हा उभं राहायला कित्येक दशकं जातात आणि तोवर त्याचा जळालेला कार्बन हवेतच असतो. तेवढ्याच ऊर्जेसाठी लाकूड जाळलं तर धुराड्यातून कोळशापेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड निघत नाही, थोडा जास्तच निघतो. तरीही संघाच्या कार्बन बाजारात (जिथे वीजकेंद्रांना आणि कारखान्यांना आपल्या उत्सर्जनाइतके परवाने द्यावे लागतात), शाश्वततेचे निकष पाळलेले असतील तर, लाकडाचं उत्सर्जन शून्य धरतात. झाड जिथे तोडलं त्या देशाच्या जमीन-जंगलांच्या कार्बन हिशेबात ते धरलं जाईल, असं त्यामागचं गृहीतक आहे.

या हिशेबाचा परिणाम प्रत्यक्षात दिसला. ब्रिटन संघात होता त्या काळातच यॉर्कशरमधल्या ड्रॅक्स या प्रचंड वीजकेंद्राचे कोळशावरचे संच एकामागून एक लाकडी गोळ्यांवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पेलेट्सवर) नेले गेले. त्या गोळ्या येतात बऱ्याच अंशी अमेरिकेच्या लुइझियाना, मिसिसिपी या राज्यांतून. २०१८ च्या जानेवारीत जवळपास ८०० शास्त्रज्ञांनी युरोपीय संसदेला पत्र लिहून बजावलं की उरलेला भुसा आणि टाकाऊ लाकूड जाळणं वेगळं आणि जाळण्यासाठी झाडं तोडणं वेगळं. २०२३ च्या सुधारित कायद्याने करवतीजोगे ओंडके, बुंधे आणि मुळं ऊर्जेसाठी जाळायला आर्थिक मदत देण्यावर बंधन घातलं, पण लाकूड व्याख्येतून काही काढलं नाही. अशा लाकडाला मराठीत ‘अक्षय’ म्हटलं, तर भांडणातल्या एका बाजूचा निकाल आपण वाचकाला नकळत देऊन टाकतो. याची मला खरी काळजी वाटते.

पीटचं उदाहरण याहून बोलकं आहे. पीट म्हणजे दलदलीत वनस्पती अर्धवट कुजून हजारो वर्षांत साचलेला थर. फिनलंडमध्ये तो वाळवून जाळतात. तिथे त्याला ‘सावकाश नूतनीकरण होणारं’ बायोमास इंधन म्हणण्याची पद्धत पडली. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शिकेने त्याला जीवाश्म इंधनांतही धरलं नाही आणि बायोमासमध्येही नाही, वेगळंच ठेवलं. युरोपीय कार्बन बाजार मात्र त्याचं उत्सर्जन जीवाश्म इंधनासारखंच मोजतो. म्हणजे खरा प्रश्न ‘नवं होतं का’ एवढाच नाही, ‘किती काळात होतं’ हाही आहे.

‘अपारंपरिक’ आपल्याकडचा जुना सरकारी शब्द. केंद्रातल्या अपारंपरिक ऊर्जा स्रोत मंत्रालयाचं नाव २००६ मध्ये बदललं, तरी महाराष्ट्रात शब्द टिकून आहे. युरोपला तो लागू पडत नाही : हॉलंडच्या पवनचक्क्या आणि घराघरातलं लाकूड तिथे कोळशाच्या राज्याहून जुनं आहे. ‘हरित’ तर आणखी सैल. संघाने २०२२ मध्ये काही अटींवर अणुऊर्जा आणि नैसर्गिक वायूलाही हरित गुंतवणुकीच्या वर्गीकरणात घेतलं; ही दोन्ही रिन्यूएबल नाहीत. ‘स्वच्छ’ शब्द लाकडापाशी अडतो, कारण युरोपच्या हवेतल्या सूक्ष्म धूलिकणांचा सर्वांत मोठा स्रोत घरं तापवणं हा आहे आणि त्यात लाकडाचा धूर मुख्य.

उरले ‘नवीकरणीय’ आणि ‘नूतनीकरणक्षम’. पहिला हिंदीतून आला. चुकीचा नाही, पण मराठी माणूस परवान्याचं ‘नूतनीकरण’ करतो, ‘नवीकरण’ नाही. शिवाय ‘क्षम’ मला मोलाचं वाटतं. परवाना नूतनीकरणक्षम असला म्हणून आपोआप नवा होत नाही, मुदतीत करून घ्यावा लागतो. जंगलाचंही तसंच आहे, आणि ही अट शब्दातच राहते. ‘पुनर्नूतनीकरणक्षम’ असंही कुणी लिहितात; तिथे ‘पुनर्’ उगाच आहे, ‘नूतनीकरण’मध्ये ते येऊन गेलंच.

शब्द लांब आहे, मथळ्यात मावत नाही, हे मान्य. म्हणून फक्त ऊन-वाऱ्याबद्दल लिहायचं असेल तेव्हा सरळ ‘सौर आणि पवन ऊर्जा’ लिहावं, किंवा हौसेने ‘अक्षय’ वापरावं. पण २०३० पर्यंत एकूण ऊर्जावापरात ४२.५ टक्के वाटा, हे संघाचं उद्दिष्ट सांगताना ‘नूतनीकरणक्षम’च लिहावं आणि पहिल्याच परिच्छेदात या आकड्यात लाकूडही मोजलं जातं हे सांगून टाकावं.