वाचकांचे प्रश्न : माळ्यावरचे मका यंत्र आणि सप्टेंबरची ओली कणसे

प्रश्न : आमच्या डिचोली तालुक्यातील जुन्या घराच्या माळ्यावर कणसाचे दाणे सोडवणारे, हाताने फिरवायचे, बिडाचे एक मका यंत्र सापडले. एका बाजूला जड चाक आणि दांडा, आत दाते असलेली चकती, वर कणीस सोडण्याचे तोंड, अशी त्याची रचना आहे. गंज काढून तेल घातले आणि उंचावरच्या मोरड जमिनीत पावसाळी लावलेल्या मक्याची कणसे सप्टेंबरच्या अखेरीस काढून त्यातून घातली. बरेच दाणे फुटले, बुरकुंडे (कणसांचे आतले दांडे) मोडून आत अडकली आणि काही कणसे तर दाण्यांसकट बाहेर पडली. यंत्र बाद झाले आहे का? की विजेवर चालणारे नवे यंत्र घ्यावे? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : यंत्र बाद झालेले नाही, आणि कृपया ते भंगारवाल्याला देऊ नका. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणे एकाच कारणाकडे बोट दाखवतात. तुमची कणसे यंत्रात घालण्याइतकी वाळलेली नव्हती.

या यंत्राचे काम कसे चालते ते पाहिले की हे सहज लक्षात येते. दात्यांची चकती कणसावरून घासत जाते, दुसरे खाचांचे चाक कणसाला स्वतःभोवती फिरवत खाली ओढते, आणि समोरची स्प्रिंगवर बसवलेली पट्टी कणसाला चकतीवर दाबून धरते. दाणा उपटून काढण्याचे बळ यात कुठेच नाही; तो फक्त बाजूला ढकलला जातो. कणीस वाळले की दाणा आकसतो, बुरकुंडाशी असलेला त्याचा देठ ठिसूळ होतो, आणि एक ओळ सुटली की शेजारच्या ओळीचा आधार जाऊन तीही सुटते. कणीस ओले असेल तर दाण्याची साल मऊ असते आणि देठ चिवट असतो, त्यामुळे दाणा सुटण्याऐवजी दात्याखाली चिरडतो. बुरकुंडही ओले असल्याने दाबाखाली मोडते. हातयंत्रासाठी दाण्यातील ओलावा 13 ते 15 टक्क्यांच्या आसपास हवा. दाण्याच्या टोकाशी काळा थर दिसू लागला म्हणजे दाणा भरून पक्व झाला हे खरे, परंतु त्या वेळी त्यात 30 ते 35 टक्के पाणी असते. पक्व होणे आणि वाळणे यांत बरेच दिवस जावे लागतात, आणि सप्टेंबरमध्ये गोव्यात ते कोरडे दिवस मिळत नाहीत.

याचे कारण हवेत आहे. दाणा भोवतालच्या हवेशी ओलावा देत-घेत राहतो. हवेतील आर्द्रता 80 टक्क्यांच्या घरात असेल, तर मका सावलीत कितीही दिवस ठेवला तरी साधारण 15-16 टक्क्यांच्या खाली उतरत नाही, आणि आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता याहूनही वर असते. म्हणून नवे विजेचे यंत्र आणले तरी तुमचा मूळ प्रश्न सुटणार नाही. ओली कणसे ते अधिक वेगाने फोडील, एवढेच.

ओलावा मोजण्याचे उपकरण घरात नसते, पण मिठाची परीक्षा घरी करता येते. काचेची कोरडी बाटली घ्या, तिच्या एक तृतीयांशापर्यंत दाणे भरा, त्यात दोन-तीन चमचे बारीक मीठ घालून झाकण लावा आणि दोन-तीन मिनिटे चांगली हलवा. बाटली थोडा वेळ स्थिर ठेवल्यावर मीठ काचेला चिकटलेले दिसले, तर दाण्यात सुमारे 15 टक्क्यांहून अधिक ओलावा आहे. मीठ सगळे खाली बसले, तर दाणे काढायला हरकत नाही. आपल्या हवेत मिठालाच पाणी सुटते, म्हणून ते आधी तव्यावर कोरडे भाजून, गार करून मगच वापरा. नाहीतर परीक्षा मिठाची होईल, मक्याची नाही.

आता यंत्राच्या जुळणीविषयी. दाबपट्टीच्या स्प्रिंगला बहुधा एक नट असतो. तो सैल असला की कणीस दाण्यांसकट निसटते, फार आवळला की बुरकुंड मोडते आणि दाणे फुटतात. एकेक वाळलेले कणीस घालत, थोडा थोडा आवळत जा, आणि बुरकुंड अखंड पण दाण्यांवाचून बाहेर पडू लागले की तिथेच थांबा. कणीस नेहमी निमुळत्या टोकाकडून सोडावे, आणि एक आत ओढले गेल्यावरच दुसरे द्यावे. कणसे लहानमोठी असतील तर आधी आकाराप्रमाणे वेगळी करून घ्या, कारण एकाच दाबावर जाड आणि बारीक अशी दोन्ही कणसे नीट निघत नाहीत. दांडा एका लयीत फिरवा. जड चाक त्यासाठीच आहे, ते वेग धरून ठेवते आणि हाताला झटके बसू देत नाही. वाळलेल्या 100 किलो कणसांमागे सुमारे 80 किलो दाणे मिळायला हवेत. तेवढे मिळत नसतील तर बुरकुंडांवर दाणे राहत आहेत का, किंवा वाऱ्यावर देताना चुरा उडून जात आहे का, ते तपासा.

दुरुस्तीबाबत एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुन्या यंत्रांवरच्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासून काढू नका, त्याची धूळ मुलांच्या अंगावर किंवा दाण्यांत जाऊ देऊ नका, आणि ज्या भागांना दाणे लागतात त्यांवर नवा रंग न लावता, ओलेच घासून, पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवा. बीड ठिसूळ असते. अडकलेले बुरकुंड हातोडीने ठोकून काढण्याऐवजी चाक उलटे फिरवून काढा. भाग तुटलाच तर बिडाचे काम करणाऱ्या जाणत्या वेल्डरकडेच न्या, कारण साध्या वेल्डिंगने भेग बहुधा पुढे सरकते. यंत्राला मोटर जोडण्याचा विचार असेल तर मी तो करू नये असे म्हणेन. ही यंत्रे हाताच्या वेगासाठी ओतलेली आहेत, त्यांच्या तोंडावर बोटांना अडवणारे काहीही नसते, आणि मोटर माणसासारखी अडखळली की थांबत नाही.

राहिला या वर्षीचा माल. बुरशी धरलेली, हिरवट-पिवळी पूड दिसणारी कणसे निवडून पुरून टाका. मक्यावर अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी बुरशी उष्ण आणि दमट हवेत वाढते. त्याची मर्यादा आपल्या अन्नसुरक्षा नियमांत धान्यासाठी किलोमागे 15 मायक्रोग्रॅम इतकी कमी ठेवलेली आहे, आणि शिजवल्याने ते विष नाहीसे होत नाही. ती कणसे कोंबड्यांना किंवा गाईलाही घालू नका, गाईच्या दुधातून ते पुढे येते. चांगल्या कणसांची पाने मागे सोलून, दोन-दोनची जोडी बांधून चुलीच्या वर, धुराच्या वाटेवर टांगा. थोड्याच कणसांना हा उपाय पुरेल, हे खरे आहे.

पुढच्या वर्षी मात्र हंगाम बदलून पाहा. कालव्याचे किंवा विहिरीचे पाणी असेल तर भात कापल्यावर नोव्हेंबरमध्ये मका लावा, म्हणजे कणसे फेब्रुवारी-मार्चमध्ये कोरड्या उन्हात ताटावरच (उभ्या रोपावरच) वाळू लागतील. तेव्हाही सकाळचे दंव उतरल्यावर ती खळ्यावर पसरा आणि संध्याकाळी गोळा करून ताडपत्रीखाली झाका, कारण आपल्याकडे रात्रीचे दंव दिवसभराची वाळवण निम्मी परत ओली करते. वाण कठीण दाण्याचा घ्या. बाजारात कोवळ्या कणसांसाठी लावला जाणारा गोड मका वाळल्यावर सुरकुततो, त्यासाठी हे यंत्र नाही.

प्रश्न : अमेरिकेत पूर्वी मक्याची कणसे दाणे न काढता फटींच्या लाकडी कोठारात महिनोन्महिने ठेवत, असे वाचले. आमच्या सत्तरी तालुक्यात तसे कोठार बांधता येईल का? ट्रॅक्टरमागे ओढायचे कणसे तोडण्याचे जुने यंत्रही स्वस्तात मिळते आहे; ते घ्यावे का? (एक वाचक, वाळपई)

उत्तर : कोठार बांधता येईल, पण अमेरिकेच्या मापाने नव्हे. तिथल्या मका पट्ट्यात अशी कोठारे साधारण 4 ते 5 फूट रुंद असत, कारण कणसे शरदात तोडली जात आणि पुढे थंड, कोरडा हिवाळा असे. आर्द्र उष्ण प्रदेशासाठी हीच रुंदी सुमारे 60 सेंटिमीटरवर आणावी लागते, म्हणजे वारा आरपार जातो. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, बांबूच्या किंवा जाळीच्या भिंतींचे, खांबांना उंदीर चढू नये म्हणून पत्र्याचे उलटे शंकू लावलेले, आणि छपराच्या वळचणी भरपूर पुढे आलेल्या असे ते बांधावे. ऑक्टोबरपासून सकाळी पूर्वेकडून आणि दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो. म्हणून लांब बाजू पूर्व आणि पश्चिमेकडे तोंड करून असाव्यात. पाने पूर्ण सोललेली आणि 30 टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचीच कणसे त्यात भरावीत. सत्तरीत गवे आणि खेती (माकडे) यांच्यापासून उभे पीक वाचवणे हीच मोठी लढाई असते हे मी जाणतो, त्यामुळे कणसे शेतात वाळत न ठेवता लवकर घरी आणून अशा कोठारात ठेवणे तुमच्यासाठी खरोखर उपयोगाचे आहे.

कणसे तोडण्याचे जुने यंत्र घेऊ नका. ती यंत्रे सुमारे 40 इंची ओळींसाठी, म्हणजे जवळजवळ एक मीटर अंतराच्या पेरणीसाठी बनवलेली होती, तर आपण मका 60 ते 75 सेंटिमीटरवर लावतो. बांध घातलेल्या लहान कुणग्यांत (शेताच्या तुकड्यांत) ट्रॅक्टरसह ते वळवायलाही जागा मिळणार नाही. याहून मोठे कारण सुरक्षिततेचे आहे. ताट खाली ओढून कणीस तोडणारे त्याचे दोन रूळ समोरासमोर फिरतात, आणि अडकलेले ताट ट्रॅक्टर चालू ठेवून हाताने ओढायला गेलेल्या असंख्य शेतकऱ्यांचे हात अमेरिकेत त्या रुळांनी नेले. ताट सोडून देण्याआधीच हात आत जातो. तुमच्या एक-दोन कुणग्यांतील कणसे माणसांनी तोडणेच योग्य. यंत्रे येण्यापूर्वी तिथले शेतकरीही हाताला चामड्याच्या पट्टीवरचा लोखंडी आकडा बांधून एका झटक्यात पाने फाडत आणि कणीस गाडीत टाकत. असा आकडा गावचा लोहार सहज करून देईल.

प्रश्न : परसात मक्याची थोडीच ताटे आहेत. पुढच्या वर्षासाठी बी आणि घरापुरते दाणे कसे काढावेत? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : बियाण्यासाठी यंत्र वापरूच नका. चांगल्या भरलेल्या कणसांचे दोन्ही टोकांकडचे दाणे बाजूला काढा आणि मधले, एकसारखे दाणे अंगठ्याने सोडवा. दाण्याला चीर पडली की उगवण घटते. बी संकरित वाणाचे असेल तर ते राखून उपयोग नाही, पुढची पिढी एकसारखी येत नाही. खाण्याच्या दाण्यांसाठी भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेच्या नमुन्याची, आतून दाते असलेली लोखंडी नळी मिळते का, याची चौकशी तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात करा. एका हातात नळी, दुसऱ्या हातात वाळलेले कणीस धरून पिळले की दाणे सुटतात; सवय झाल्यावर तासाभरात वीसेक किलो निघतात. उरलेली बुरकुंडे चुलीत घाला, सुकी असली की चांगली पेटतात.