टेहळणी विमानांच्या नावांतील अक्षरे व आकडे कसे ठरतात?

'आरसी-135' या नावातील अक्षरे कशी ठरतात आणि 'यू-2' मध्ये 'आर' का नाही, या आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की, अमेरिकी पद्धतीत अक्षरे विमानाचे काम सांगतात व आकडा त्या मालिकेतील क्रमांक दाखवतो. यू-2 ला मात्र 'आर' मुद्दामच दिलेले नाही. बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या एअरमन ट्रेनिंग स्कूलकडे (हवाई दलाच्या प्रशिक्षण केंद्राकडे) डोळे लावून बसलेल्या खानापूर-निपाणीकडच्या मुलांना मी हा विषय शिकवतो, आणि त्यांचीही गफलत नेमकी इथेच होते. आकड्यालगतचे अक्षर मूळ प्रकाराचे व त्याच्या डावीकडचे बदललेल्या कामाचे असते. 'सी' म्हणजे वाहतूक आणि 'आर' म्हणजे टेहळणी, म्हणून आरसी-135 हे टेहळणीसाठी फेरबदल केलेले वाहतूक विमान ठरते. यू-2 ला किरकोळ कामांच्या विमानांचे 'यू' हे अक्षर दिले गेले, ते त्याचे खरे काम झाकण्यासाठी; 1 मे 1960 रोजी ते सोव्हिएत हद्दीत पाडले गेले आणि हे गुपित जगापुढे आले.

मात्र ही पद्धत सर्व देशांना लागू नाही. रशियन नावांत 'आर' आकड्यानंतर येतो, जसे मिग-25आर. नाटोने त्याच विमानाला 'फॉक्सबॅट' म्हटले, ज्यातील 'एफ' लढाऊ विमानांसाठी राखीव आहे, तर आपल्या हवाई दलाने त्याला 'गरुड' हे फार समर्पक नाव देऊन 2006 पर्यंत वापरले.