गायरानाच्या ठरावात 'पडीक' हा शब्द येऊ देऊ नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. अभयारण्याला लागून ४० एकर गायरान, सोलरवाले येऊन पाहणी करून गेले, पुढच्या आठवड्यात ग्रामसभा, आणि गावात दोन तट. आमच्याकडे हेच घडलं तेव्हा मी ग्रामपंचायत सदस्य होतो. आमचं गाव सोलापूरकडच्या माळरानात, माळढोक अभयारण्याच्या कडेला. सातबारा, गावनकाशा, गट नंबर हे तुम्ही काढलंच असेल, त्यावर लिहीत नाही.

मी सोलरच्या विरोधात नाही. रात्री दोनला लाइट येते म्हणून बॅटरी घेऊन उसात पाणी द्यायला जाणारा माणूस मीही आहे. दिवसा वीज मिळणार असेल तर ती हवीच. प्रश्न फक्त जागेचा आहे.

आमची चूक एका ओळीत झाली. ठरावाचा मसुदा तयार टाइप होऊन आला होता. त्यात लिहिलं होतं, 'सदर गटातील जमीन पडीक, नापीक व विनावापर असून ग्रामसभेची हरकत नाही.' तो मीच वाचून दाखवला. लोकांनी हात वर केले आणि पुढचा विषय, पाणीपट्टीचा, सुरू झाला. त्या गटात भाद्रपदात गुडघ्याएवढा पवन्या उभा असतो. तीन वाड्यांची मेंढरं तिथं चरतात, मधल्या घळीत मार्चपर्यंत पाणी टिकतं. हे सगळं आम्हाला माहीत होतं. तरी 'विनावापर' या शब्दावर कुणी थांबलं नाही, मीही नाही.

खांब रोवायला लागले तेव्हा आम्ही अर्ज घेऊन धावलो. एका कार्यालयात (नाव लिहीत नाही) साहेबांनी फाइल उलटी केली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, तुम्हीच लिहून दिलंय. त्यांनी दुसरीकडे पाठवलं. तिथं उत्तर मिळालं की गट अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे, आमचा संबंध नाही. मग परत पहिल्याकडे, तर म्हणे आधी मोजणीचा नकाशा आणा. मी अकरा हेलपाटे घातले. प्रत्येक वेळी आमचाच ठराव आमच्यापुढे धरला. पोच सोडली तर लेखी एक ओळ मिळाली नाही. हे लिहिताना आजही संताप येतो, कारण त्यातल्या कुणी एकदा माळावर येऊन पाहिलं असतं तरी पुरलं असतं.

कुंपण झाल्यावरच्या पहिल्या उन्हाळ्यात सकाळी तिकडे गेलो. जाळीच्या बाहेरून खुरांची नवी वाट पडली होती, चिंकाऱ्यांची. ती जाळीच्या कडेकडेने कोपऱ्यापर्यंत जात होती आणि तिथून तशीच मागे फिरली होती. पाणी आतल्या बाजूला होतं. जाळीच्या खालच्या तारेला केसांचा झुपका अडकलेला होता. मेंढपाळ आता डांबरी रस्त्याने फिरून जातात.

'पडीक' हा शब्द एवढा महाग का पडतो, ते सांगतो. सरकारी पडीक जमिनींच्या नकाशांत गवताळ आणि झुडपी माळ बऱ्याचदा पडीकच दाखवलेला असतो. आणि सोलर पॅनेलच्या प्रकल्पाला २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेखाली (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासायला लावणारा नियम) पूर्वपरवानगी लागत नाही, म्हणून त्या कायद्याची जनसुनावणीही होत नाही. म्हणजे इथे काय उगवतं, कोण चरतं हे विचारण्याची जागा बहुतेक वेळा तुमची ग्रामसभाच असते. तिथं तुम्हीच पडीक म्हणालात तर पुढे कोण विचारणार?

तुमचा गट पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात, म्हणजे अभयारण्याभोवती जाहीर होणाऱ्या पट्ट्यात, येतो का ते आधी बघा. येत असेल तर त्या क्षेत्राच्या अधिसूचनेतला, काय करता येतं आणि काय नाही याचा तक्ता स्वतः वाचा. अशा तक्त्यांत अपारंपरिक ऊर्जेचा वापर 'प्रोत्साहन द्यायच्या' यादीत असतो, आणि कंपनीची माणसं नेमकी तेवढीच ओळ दाखवतात. पण विजेचे टॉवर आणि तारा 'नियंत्रित' यादीत असतात, भूमिगत केबलला प्राधान्य द्या असंही लिहिलेलं असतं. माझ्या समजुतीने ती प्रोत्साहनाची ओळ गावातल्या छपरांसाठी आणि पंपांसाठी आहे, माळभर पॅनेल अंथरण्यासाठी नाही. मी वकील नाही, हे एखाद्या जाणकार वकिलाला विचाराच. अधिसूचना अजून मसुदा असेल तर हरकतींना ६० दिवस असतात, ते मोजा.

तारांचं वेगळं सांगतो, कारण आम्ही फक्त पॅनेलकडे पाहत बसलो. माळढोकाला उडताना समोरचं नीट दिसत नाही, तारेला धडकून मरतो. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला आणि मार्च २०२४ मध्ये तो बदलून समिती नेमली, पण ते प्रकरण मुख्यतः राजस्थान-गुजरातचं. त्याचा दाखला दिला की आपला माळ आपोआप वाचतो असं समजू नका. उपकेंद्रापर्यंतची लाइन कुठून जाणार, हे नकाशावर आखून मागा. एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर लागतात, म्हणजे तुमच्याकडे आठ ते दहा मेगावॅटची गोष्ट आहे. तेवढी वीज घ्यायची उपकेंद्राची क्षमता आहे का, तेही विचारा. पॅनेल धुवायला पाणी कुठल्या विहिरीचं, हा प्रश्न आमच्याकडे कुणाला सुचलाच नाही.

माझं मत विचाराल तर अभयारण्याला चिकटलेल्या सलग, न मोडलेल्या माळावर अटी घालत बसू नका, सरळ नाही म्हणा. पण नुसतं नाही म्हणून भागत नाही, दुसरी जागा दाखवा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत (शेतीला दिवसा सौर वीज देण्याची राज्याची योजना) खाजगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं आणि दरवर्षी तीन टक्के वाढ आहे. उपकेंद्राजवळ मुरमाड, पिकत नसलेली शेतं असणाऱ्यांना हे आजच सांगा. जुनी खाण असेल तर उत्तमच. या योजनेत ग्रामपंचायतीला मिळणारं अनुदान तीन वर्षांचं असतं, जमीन मात्र एक पिढीभर जाते, हेही सभेत बोला.

आणि कागद उभा करा. गावाची जैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडं-गवतं-प्राण्यांची ग्रामपंचायतीकडची अधिकृत नोंद) काढा. ती कोरी असेल तर जैवविविधता समितीची बैठक लावून त्यात गवतं, चराई, पाणवठे नोंदवून घ्या. मेंढपाळांना सभेला आणा, त्यांच्या जनावरांचा आकडा इतिवृत्तात लिहायला लावा. घळीतल्या पाण्याचे तारखेसह फोटो काढा.

ग्रामसभेआधी ठरावाचा मसुदा मागून घ्या. मिळाला की नावं झाकून इथे टाका, मी रात्री नऊनंतर असतो, ओळ न ओळ वाचून सांगतो.