मेल नुसता प्रीव्ह्यूत दिसला, भरपाई माझ्या पगारातून?

प्रश्न : मी म्हापशातल्या एका काजू व्यापाऱ्याकडे हिशेबनीस आहे. सोमवारी आउटलुक उघडताच 'थकीत बिल' असा मेल बाजूच्या प्रीव्ह्यूच्या चौकटीत आपोआप दिसला. दुसऱ्या दिवशी हिशेबाच्या सगळ्या फाइली लॉक, आणि स्क्रीनवर खंडणीची मागणी. दुरुस्तीचे ८५,००० रुपये मालक माझ्या पगारातून कापणार म्हणतात. 'माझ्या चुकीने व्हायरस शिरला' असे लिहून द्या, नाहीतर पोलिसांत जातो, अशी धमकीही आहे. काय करावे?

उत्तर : पहिली गोष्ट, सही करू नका. एकदा कबुली लिहून दिली की पुढची सगळी कायदेशीर बाजू तुम्हाला उलट्या प्रवाहात पोहत मांडावी लागेल.

पोलिसांची धमकी पोकळ आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड आहे खरा, पण कलम ४३ मधले कृत्य (परवानगीशिवाय संगणकात शिरणे, प्रत काढणे, व्हायरस सोडणे असे) लबाडीने किंवा कपटाने केलेले असेल तरच. नेमून दिलेले काम म्हणून आलेला मेल पाहणे यात बसत नाही.

आता पगार. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कलम १८ नुसार नुकसानीपोटी कपात करायची तर वस्तू तुमच्या ताब्यात सांभाळायला स्पष्टपणे दिलेली हवी, किंवा ज्या पैशांचा हिशेब तुम्ही द्यायचा ते पैसे गेलेले हवेत. शिवाय ते नुकसान थेट तुमच्या हलगर्जीमुळे झालेले हवे. संगणक दुरुस्तीचे बिल यात कुठे बसते, ते मालकाने दाखवावे. कलम २१ प्रमाणे तुमचे म्हणणे ऐकल्याशिवाय असली कपात करता येत नाही, आणि सर्व कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाऊ शकत नाहीत.

खरा वाद 'थेट हलगर्जी' या शब्दांवर होईल, आणि तिथे तांत्रिक तपशील लागेल. आजचे आउटलुक प्रीव्ह्यूत स्क्रिप्ट (मेलमध्ये दडवलेला छोटा प्रोग्रॅम) चालवत नाही आणि बाहेरची चित्रे सहसा अडवते. म्हणजे त्या मेलमधून व्हायरस शिरला असेल तर मुख्य शक्यता दोन. एक, प्रोग्रॅममध्येच भोक होते. मार्च २०२३ मध्ये बुजवलेल्या एका दोषात तर मेल प्रीव्ह्यूत यायच्याही आधी पासवर्डचा हॅश (पासवर्डपासून बनवलेला सांकेतिक ठसा) बाहेर जात असे; फेब्रुवारी २०२४ मध्ये बुजवलेल्या दुसऱ्यात प्रीव्ह्यूची चौकट हाच हल्ल्याचा मार्ग होता. अपडेट टाकले नसतील तर दोष मालकाचा. कार्यालयात अजून ऑफिस २०१६ किंवा २०१९ असेल तर त्याला कंपनीकडून नवे अपडेट मिळणे १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपले आहे. दोन, जोडपत्र उघडून कोणीतरी 'एनेबल कंटेंट' दाबले, म्हणजे फाइलमधला मॅक्रो (दडवलेला प्रोग्रॅम) चालू करू दिला. तुम्ही दाबले असेल तर वकिलाला आधीच सांगा. ते लपवून केस लढवता येत नाही.

ते तपासताही येते. जोडपत्र वर्ड किंवा एक्सेलचे असेल आणि 'एनेबल एडिटिंग' किंवा 'एनेबल कंटेंट' दाबले असेल, तर त्या फाइलची नोंद विंडोज रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतल्या) 'ट्रस्टरेकॉर्ड्स' या भागात उतरते. शेवटच्या चार बाइट 'एफएफ एफएफ एफएफ ७एफ' असल्या तर मॅक्रोही चालू केलेला होता. मेल 'वाचला' असा दिसणे मात्र काहीच सिद्ध करत नाही. प्रीव्ह्यूतून दुसऱ्या मेलवर गेलात तरी आउटलुक तो वाचलेला धरते.

म्हणून मालकाला आजच पत्र द्या आणि पोच घ्या : 'सदर संगणक फॉरमॅट करू नये, मूळ मेल हेडरसह (तो कुठून, कसा आला त्या नोंदीसह) जतन करावा, विंडोज व ऑफिसच्या अपडेटचा इतिहास आणि रजिस्ट्रीची प्रत ठेवावी. नुकसानीचे बिल व माझ्याविरुद्धचा आरोप लेखी द्यावा.' संगणक मेकॅनिककडे गेला असेल तर घाई करा, बहुतेक मेकॅनिक पहिल्यांदा फॉरमॅटच मारतात. तो मेल किंवा कार्यालयाच्या फाइली स्वतःच्या जीमेलवर मात्र पाठवू नका. परवानगीशिवाय प्रत काढणे हेच कलम ४३ मध्ये येते, आणि विनाकारण नवे निमित्त मिळेल. पुढे पुरावा न्यायालयात न्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो आणि त्यात हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) द्यावे लागते.

मालकाला हेही विचारा की सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला) ६ तासांत कळवले का? २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ते आस्थापनेचे काम आहे, हिशेबनिसाचे नव्हे. रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात खंडणीची तक्रार त्यांनीच द्यायला हवी. तपासात मेल कसा आत आला ते निघाले तर तुम्हालाच उपयोग.

तरीही कपात केलीच, तर वेतन चिठ्ठी जपून ठेवा आणि पणजीला पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. दाव्याला ३ वर्षांची मुदत आहे. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर तुम्ही महिला असल्यास उत्पन्नाची अट न लागता उत्तर गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अर्जासोबत मालकाला दिलेल्या पत्राची पोच जोडा.