माळ्यावर सॉकेट हवे आहे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : फोंड्याजवळ आमचे जुने कौलारू घर आहे. मुलगी माळ्यावर अभ्यासाला बसते. तिथल्या दिव्याच्या वायरीवरून लॅपटॉप आणि टेबलफॅनपुरते सॉकेट काढले तर चालेल का?

उत्तर : लॅपटॉप आणि पंखा मिळून दीडशे-दोनशे वॅट घेतील, एवढा भार ती वायर पेलेल. तरीही मी नको म्हणेन. सॉकेट झाले की जुलैत ओले कपडे सुकवायला कोणीतरी तिथेच इस्त्री लावते, आणि इस्त्री हजार वॅटची असते. दिव्याचा जुना, टेप गुंडाळलेला जोड तापतो तो तेव्हा, आणि सुके वासे तिथून हातभर अंतरावर असतात.

मेन बोर्डावरून तांब्याच्या 2.5 चौरस मिलिमीटरच्या तीन नव्या वायरी आणा : फेज (वीज आणणारी), न्यूट्रल (वीज परत नेणारी) आणि अर्थ (जमिनीला जोडलेली). त्यांना स्वतंत्र 16 अँपिअरची एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, द्या. मे महिन्यात कौलांखालची हवा भट्टीसारखी होते. उष्णतेत वायरीची वीज वाहण्याची क्षमता घटते, म्हणून बारीक वायरीवर भागवू नका. सॉकेटची जागा मात्र पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर ठरवा. कुठले कौल गळते ते तेव्हाच कळते.

प्रश्न : पेडण्यातल्या आमच्या घरी सगळीकडे दोनच वायरी आहेत. वायरमन म्हणतो, तीन पिनांच्या सॉकेटमध्ये न्यूट्रलचाच तुकडा अर्थच्या पिनेला जोडून देतो. चालेल ना?

उत्तर : मुळीच नाही. त्या माणसाला काम करू देऊ नका. मागे कुठे न्यूट्रल सैल झाली किंवा तुटली, तर चालू उपकरणातून आलेला फेज त्या तुकड्यावाटे थेट त्याच्या पत्र्यावर येतो, पूर्ण 230 व्होल्ट. उपकरण बंद पडलेले दिसते, म्हणून माणूस ते तपासायला हात लावतो.

एमसीबी इथे वाचवत नाही. ती पडायला 16 अँपिअरच्या वर प्रवाह लागतो, आणि माणसाचा जीव त्याच्या शेकडो पट कमी प्रवाहाने जातो. त्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह यांत फरक पडला की ती क्षणात वीज तोडते. अर्थिंग नसले तरी हे काम ती करते, पण म्हणून अर्थिंग टाळू नका : अर्थ असेल तर तुमचा हात लागण्याआधीच ती पडते. अर्थिंगचा खड्डा नवा करून घ्या. आपली जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते, तेव्हा त्यात पाणी घालत राहा. आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. इतका साधा उपाय, आणि कितीतरी घरांत ते बटण कधीच दाबलेले नसते, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्न : काम चालू असताना मेन स्विच बंद ठेवला की पुरे ना?

उत्तर : घरात इन्व्हर्टर असेल तर पुरे नाही. मेन बंद होताच इन्व्हर्टरला वाटते लाइट गेली, आणि तो स्वतःची वीज सोडतो. माळ्यावरचा दिवा अनेकदा त्याच वायरीवर असतो. आधी इन्व्हर्टर बंद करा, मग मेन. टेस्टर प्रथम चालू पॉइंटवर लावून चांगला असल्याची खात्री करा, मगच कामाच्या जागी लावा. मल्टिमीटर असेल तर उत्तम. जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

प्रश्न : उंदीर वायरी कुरतडतात. काय करावे?

उत्तर : माळ्यावर उघडी वायर एक वीतभरही ठेवू नका. जाड पीव्हीसी पाइप किंवा लोखंडी कंड्युइट वापरा, तोंडे बंद करा, आणि लोखंडी असेल तर त्यालाही अर्थ जोडा. जोड फक्त झाकणाच्या डब्यात, आणि तो डबा सामानाच्या ढिगामागे नको.

प्रश्न : चतुर्थीला माटोळीचे (गणपतीच्या वर टांगलेल्या पानाफळांच्या चौकटीचे) दिवे लावायला माळ्यावरच्या सॉकेटमधून एक्स्टेन्शन खाली सोडले तर?

उत्तर : चार-पाच दिवसांसाठी चालेल. वायर तीन तारांची, अखंड हवी, आणि ती फळीच्या फटीतून किंवा दारात चेपली जाऊ नये. माटोळीला बांधलेल्या ओल्या पानाफळांपासून दिव्यांच्या माळेचे जोड दूर ठेवा.