नवीन आणलेला बॉल पायथन रात्रभर काचेला नाक घासत फिरतो, त्याला काय होतंय?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: मुलुंडचा फ्लॅट, आठवड्यापूर्वी आणलेलं बॉल पायथन या आफ्रिकन अजगराचं पिल्लू, बेडरूममध्ये तीन फुटी काचेची टाकी, वर जाळीचं झाकण, खाली हीट मॅट आणि रात्री एसी. दिवसभर ते पाण्याच्या भांड्यामागे वेटोळं घालून पडतं. रात्री घर झोपलं की काचेवर वर-खाली सुरू होतं आणि झाकणाच्या एकाच कोपऱ्याला नाक लावून ढकलत राहतं. उंदीर दिला तो तसाच राहिला. त्याला करमत नसेल का, बाहेर काढून जरा फिरवू का, असं तुम्ही विचारलंय. आई म्हणतेय, नॅशनल पार्कात सोडून ये.

फिरवू नका आणि सोडूही नका. सोडण्याचं कारण आईला सांगा: हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. पिंजऱ्यात जन्मलेलं पिल्लू बोरिवलीच्या जंगलात बहुधा जगणार नाही, आणि जगलंच तर त्याच्या अंगावरचे परजीवी, आजार तिथल्या सापांना लागण्याची भीती. परदेशी प्राणी रानात सोडणं हे प्राण्यावर उपकार करणं नव्हे.

आता मूळ मुद्दा. रात्री फिरणं हा आजार नाही. बॉल पायथन दिवसा उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात दडून असतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. त्यामुळे रात्री नऊ-दहाला तो टाकीभर हिंडला तर त्याचं ते नेहमीचं काम चाललंय. फक्त कसा हिंडतो ते बघा. डोकं खाली, जीभ सावकाश आत-बाहेर, मध्येच थांबतो, लपायच्या जागेत डोकं घालून परत येतो, असं असेल तर नव्या जागेची ओळख चाललीय. पण एकाच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा नाक रेटणं, काचेला अंग लावून उभं राहणं, खाली घसरून परत चढणं, हे तासन् तास चालत असेल तर त्याला तिथून निघायचंय. टॉर्च बाजूने धरून नाकाच्या टोकावरचा खवला बघा. तो पांढुरका झाला असेल, सोलवटला असेल किंवा लालसर दिसत असेल तर ‘बघू, रुळेल हळूहळू’ म्हणत थांबू नका.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तरी हा दुसरा प्रकार वाटतो, आणि माझा पहिला संशय तुमच्या एसीवर आहे.

साप स्वतःच्या अंगात ऊब तयार करू शकत नाही. ऊब हवी तर उबदार जागी जायचं, नको झाली तर गार जागी, एवढाच उपाय त्याच्या हातात असतो. म्हणजे त्याला हात नाहीत, पण समजून घ्या. बॉल पायथनला टाकीच्या एका बाजूला साधारण ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या बाजूला २५ ते २७ अंश लागतं. तुमच्या खोलीत रात्री एसी २३-२४ वर. जाळीच्या झाकणातून टाकीतली सगळी ऊब वर निघून जाते. खालची मॅट हवा तापवत नाही, फक्त काच तापवते, आणि थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला मॅट बंद करणारं यंत्र) नसेल तर ती काच ४० च्या वर सहज जाते. म्हणजे पोटाखाली चटका, पाठीवर गारठा. तो मॅटवर जातो, भाजतं म्हणून उठतो, दुसरीकडे जातो, तिथे थंडी, मग झाकणाकडे. रात्रभर चाललेली येरझार ही अशी असू शकते.

यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ थंड देशांतल्या घरांसाठी बनवलेले असतात. त्यांची सगळी धडपड टाकी गरम कशी करायची याची. मुंबईत वर्षातले बरेच महिने हॉलमध्ये पंखा लावून जे तापमान असतं, ते या सापाला जवळपास मानवतं. आपल्याकडे भीती उलटी: मे महिन्यात बंद खोली, वर दिवा, खाली मॅट, आणि टाकी ३५ च्या पुढे गेली तर साप मरू शकतो. म्हणून पहिलं काम, टाकी एसीच्या खोलीतून हॉलमध्ये हलवा, ऊन येणार नाही अशा भिंतीला. दुसरं, मॅटला थर्मोस्टॅट लावा, त्याचा सेन्सर मॅट आणि काच यांच्या मध्ये किंवा साप जिथे पोट टेकतो तिथे पक्का चिकटवा. लोहार चाळीत डिजिटल थर्मोस्टॅट मिळतात, वायरिंग मात्र जाणत्या माणसाकडून करून घ्या. टाकीच्या काचेला चिकटवलेला गोल काट्याचा मीटर काढून टाका. तो काचेचं तापमान सांगतो, तेही मनाला येईल तसं. वायरवाला डिजिटल मीटर दोन बाजूंना दोन, इतकं पुरे.

दमटपणाचंही तेच. साधारण ५५ ते ७० टक्के बरा. एसीच्या खोलीत तो खाली येतो आणि मग कात तुकड्यातुकड्यांनी निघते. उलट जुलैत आपल्याकडे हवाच ओली असते, त्यात व्हिडिओत बघून रोज फवारे मारले तर खालचं कोकोपीट भिजून राहतं आणि पोटाचे खवले कुजायला लागतात. पावसाळ्यात फवारा कपाटात ठेवा.

दुसरा संशय लपायच्या जागेवर. तुमच्या फोटोत एकच मोठी गुहा दिसते, शोभेची, आणि तीही गार बाजूला. हा साप दिवसा पाण्याच्या भांड्यामागे पडतो याचा अर्थ गुहा त्याला पसंत नाही. बॉल पायथनला आत शिरल्यावर अंगाला चहूबाजूंनी भिंत लागायला हवी. प्रशस्त गुहा त्याच्या दृष्टीने उघडं मैदानच. नर्सरीतून मातीच्या दोन लहान कुंड्या आणा, कडेला दाराएवढा तुकडा काढा, धार कानशीने घासून गुळगुळीत करा आणि एक गरम बाजूला, एक गार बाजूला पालथी घाला. दोन्ही हव्यात. एकच असेल तर त्याला ऊब आणि आडोसा यांतलं एक निवडावं लागतं. टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून काळा चार्ट पेपर लावा. पैसे फार लागत नाहीत, फरक मात्र चांगला पडतो.

भांडुपला एका ओळखीच्यांकडे असाच फिरणारा साप बघायला गेलो होतो. तापमान बरोबर, दोन लपायच्या जागा, तरी बेचैन. टाकी फ्रीजवर ठेवली होती. कॉम्प्रेसर सुरू झाला की पाण्याच्या भांड्यात बारीक वलयं उठायची, आणि पाचेक मिनिटांत साप बाहेर. साप जमिनीचा कंप जबड्याच्या हाडातून घेतात, आपल्याला कळतही नाही तो त्यांना कळतो. टाकी खाली आणून जाड लाकडी स्टूलवर, थर्माकोलच्या पत्र्यावर ठेवल्यावर फिरणं बरंच कमी झालं. तुमच्या टाकीच्या आसपास स्पीकर, वॉशिंग मशीन, आपटणारं दार आहे का बघा. पाण्याच्या भांड्याकडे थोडा वेळ टक लावून बसलं की समजतं.

आता हात लावण्याबद्दल. टाकी नीट केल्यावर निदान आठवडाभर त्याला हातात घेऊ नका. पाणी बदला, घाण काढा, बास. नातेवाईक आले, बिल्डिंगमधली मुलं आली, ‘जरा दाखव ना’ म्हणाली, तरी नाही. हातात घेतल्यावर तो गप्प राहतो म्हणून त्याला आवडतंय असं लोक समजतात. घाबरलेला बॉल पायथन पळत नाही, डोकं मध्ये घेऊन गोळा होतो. नावातला बॉल त्यावरूनच.

खाण्याची तर इतक्यात चिंताच नको. नव्या घरात आलेला बॉल पायथन उपाशी राहतो, आणि ही जात त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. सुदृढ मोठे साप काही महिनेसुद्धा खात नाहीत, विशेषतः मोठे नर हिवाळ्याच्या दिवसांत. पिल्लाचं मात्र वजन बघायला हवं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वेगळा घ्या, आठवड्यातून एकदा वजन लिहून ठेवा. दहा टक्क्यांच्या आसपास उतरलं तर डॉक्टर. विकणाऱ्याला फोन करून विचारा की हा साप त्याच्याकडे काय खायचा, छोटा उंदीर की रॅटचं पिल्लू, जिवंत की फ्रोजन. सवयीचं सोडून दुसरं पुढे आलं तर हे साप बघतही नाहीत. फ्रोजन असेल तर नीट वितळवून कोमट करून चिमट्याने द्या, रात्री दिवे घालवून. जिवंत उंदीर टाकून झोपायला जाऊ नका. भुकेला उंदीर सापाला कुरतडतो, जखमा खोल होतात. नाही खाल्लं तर काढून घ्या आणि आठवड्यानंतरच पुन्हा विचारा. रोज रोज समोर नाचवलं तर तो आणखी बिथरतो.

डोळे दुधाळ-निळसर दिसत असतील तर कात टाकायची वेळ आलीय, तेव्हा धड दिसत नाही म्हणून चिडचिड होते. तेवढे दिवस खाणं, हात लावणं सगळं बंद. सतत पाण्याच्या भांड्यात बसत असेल तर एकतर गरम होतंय किंवा गोचिडासारखे बारीक माइट्स झालेत. पांढरा टिश्यू ओला करून हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडेने हलकेच फिरवा. काळे हलणारे ठिपके आले की समजा. दुकानातून आणलेलं किडनाशक सापावर मारू नका, डॉक्टरला विचारूनच औषध. मच्छरांचं लिक्विडचं मशीनही त्या खोलीत नको. त्यात पायरेथ्रॉइड प्रकारचं कीटकनाशक असतं, त्याचा सापांना त्रास होऊ शकतो.

तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, शिट्टीसारखा आवाज, नाकातोंडाशी बुडबुडे, मान वर करून पाठीकडे वळवणं, यातलं काहीही दिसलं तर टाकी सुधारत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कुत्र्यामांजरांचे सगळेच डॉक्टर साप बघत नाहीत, आधी फोन करून ‘साप तपासता का’ असं स्पष्ट विचारा. स्पायडर नावाच्या रंगप्रकाराचा असेल तर डोकं डुगडुगणं जन्मजात असतं, ते तुमच्या टाकीमुळे नाही आणि बरंही होणार नाही.

झाकणाला आजच दोन क्लिप लावा. नाक घासणारा साप आज ना उद्या फट शोधतो, आणि मग एसीच्या पाइपचं भोक नाहीतर न्हाणीची मोरी. शेजाऱ्यांच्या बाथरूममध्ये निघाला तर त्यांना आफ्रिकन काय आणि घोणस काय, सारखंच, आणि हातात काठी असते.

कागदपत्रांचंही बघून घ्या. सगळे अजगर साइट्सच्या (CITES, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत. तुमचे आठ गेलेत. विकणाऱ्याकडून त्याच्या नोंदणीची प्रत मागा. तो टाळाटाळ करत असेल किंवा साप खरंच बॉल पायथन आहे का अशी शंका असेल, तर आधी ते स्पष्ट करा, कारण आपल्याकडच्या अजगराचं पिल्लू घरात ठेवणं हा १९७२ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. तसं निघालं तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा.

टाकी हलवल्यावर दोन्ही बाजूंचं तापमान रात्री अकराला आणि पहाटे पाचला बघून इथे लिहा, नाकाचा जवळून फोटोही टाका. त्यानंतरही फिरणं थांबलं नाही तर पुढचं बोलू.